राजधानीची सहल

(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील प्राथमिक शाळांची वार्षिक सहल ठरावयाची झाली म्हणजे मुंबईचे नाव पहिल्याने निघते, आणि त्यात वावगे काही नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. तेव्हापासून मुंबई इलाखा, पुढे मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्य, असा कारभार एकामागून एक याच शहरातून चालत आला आहे. शहापूरच्या मुलांनी आसनगावास अथवा खर्डीस सकाळची गाडी धरली की दोन-अडीच तासांत ती राजधानीत उतरतात. मुरबाडला आगगाडी नसल्याने तेथील मुलांना कल्याणपर्यंत एस.टी.ने यावे लागते, इतकाच काय तो फरक.

सहलीचा कार्यक्रम वाचला म्हणजे मात्र विचारात पडावे लागते. गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, तारांगण, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, चौपाटी, राणीची बाग, आणि वेळ उरल्यास आणखी काही. हे सारे एका दिवसात. त्यातील निम्मा वेळ रस्त्यावरच्या गर्दीत जातो, आणि वस्तुसंग्रहालयाच्या वाट्यास अर्धा-पाऊण तास येतो. मुले रांगेने आत शिरतात आणि रांगेनेच बाहेर पडतात. शिक्षक दाराशी शिरगणती करीत उभा असतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पन्नास मुलांसह फोर्टातील एक रस्ता सुखरूप ओलांडणे म्हणजे काय, हे ज्याने ते केले आहे त्यालाच ठाऊक. तरीही परत आल्यावर वहीत जो निबंध उतरतो, त्यात बूट असतो, वाघ असतो, ‘खूप मजा आली’ हे वाक्य असते, आणि राजधानी कोठेच नसते.

ही हानी वरवर दिसते त्याहून मोठी आहे. डोंगरपाड्यावरील कित्येक मुलांच्या शालेय आयुष्यात मुंबईची ही एकच फेरी घडते. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरातील एखादी मुलगी त्या फेरीतून जो ग्रह घेऊन येते, तो पुष्कळदा जन्मभर टिकतो. आणि तो ग्रह बहुधा असा असतो की, पाहण्याजोगे जे काही आहे ते तेथे आहे, येथे नुसते डोंगर आणि पाऊस. हा ग्रह वस्तुस्थितीला धरून नाही. राजधानीच्या इमारतींत, तिच्या संग्रहालयांतील कपाटांत आणि तिच्या नळांत जे आहे, त्यातील बरेचसे याच बाजूने तेथे गेलेले आहे. शिक्षकाने ते अगोदर जाणून घेतले, तर सहलीचा कार्यक्रम आपोआप निराळा होईल.

प्रथम भूगोल. आज राजधानी समुद्रकाठी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती घाटावर, गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणास होती, आणि सातवाहन राजे तेथून राज्य करीत होते. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल घाटावर चढे तो मुरबाडच्या वाटेने. वैशाखरे गावावरून जी पायवाट सह्याद्रीच्या भिंतीवर जाते, तोच नाणेघाट. पुढे जुन्नर आणि त्यापुढे पैठण. एकोणिसाव्या शतकात आगगाडी घाटावर चढविण्याची वेळ आली, तेव्हा तिच्या दोन मार्गांपैकी एक शहापुरातून, थळ घाटाने गेला. बंदर आणि राजधानी यांमधील हमरस्ता दोन्ही काळी या दोन तालुक्यांतून गेला आहे.

म्हणून सहल गाडीतच सुरू झाली पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे पाठ्यपुस्तकात असते. त्यापुढचे सहसा सांगितले जात नाही. १८५४ मध्ये रूळ कल्याणला आले आणि १८५५ मध्ये वाशिंदला. वाशिंदच्या पुढचेच जुने स्टेशन आसनगाव. तेथे पोचण्यास १८६० साल उजाडले. १८६१ मध्ये कसारा, आणि घाट फोडून इगतपुरी १८६५ मध्ये. हे पाच आकडे फळ्यावर लिहून ठेवले, तर गाडीत बसलेला मुलगा प्रत्येक स्टेशनला ते मनाशी जुळवून पाहील. कसाऱ्याहून पुढे चार वर्षे का लागली, हे त्याला घाट डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

गाडी ज्या इमारतीत थांबते ती स्वतःच पाहण्याची वस्तू आहे; परंतु सहलीतील मुले तिच्यातून नुसती धावत बाहेर पडतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले. स्थापत्यविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रस्ता ओलांडून समोरच्या बाजूस उभे राहिले की फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ दिसतो; सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर आणि खांबांच्या माथ्यांवर दगडात कोरलेली पाने, फुले, पक्षी आणि प्राणी आहेत. ही कामे करण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. रानात वाढलेल्या मुलांना येथे दहा मिनिटे मोकळी सोडावीत, आणि ओळखीचे पान, ओळखीचे पाखरू शोधण्यास सांगावे. या परीक्षेत शहरी मुले त्यांच्यापुढे टिकणार नाहीत.

तेथून वस्तुसंग्रहालयाकडे. आज ज्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसविली गेली. ती बसविणारे इंग्लंडचे युवराज पुढे पंचम जॉर्ज या नावाने राज्यावर आले, आणि म्हणून मूळ नाव प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालय. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. इमारत पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर उभी राहिली, युद्धकाळात तिच्यात लष्करी रुग्णालय होते, आणि जनतेसाठी ती उघडली १९२२ च्या जानेवारीत. भिंतीचा करडा-निळसर दगड कुर्ल्याचा, पिवळसर दगड मालाडचा. पैकी कुर्ल्याचा दगड म्हणजे काळा पाषाण, ज्याचे माहुलीचे सुळके बनले आहेत त्याच जातीचा. आसनगावच्या मुलाने त्या भिंतीला हात लावून पाहावा.

आत दालने पुष्कळ आहेत. सर्व पाहू गेल्यास काहीच पाहिले जात नाही. या दोन तालुक्यांच्या मुलांनी एक वस्तू मात्र चुकवू नये. ती दिसण्यात अगदी साधी आहे. मुले तिच्यासमोर आपण होऊन थांबणार नाहीत. सम्राट अशोकाचे लेख कोरलेले काही शिलाखंड सोपाऱ्यास सापडले, ते या संग्रहालयात आहेत. सोपारा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. त्या वर्षी पालघर जिल्हा वेगळा झाला. पहिला तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग आहे. दुसरा, नवव्या लेखाचा, १९५६ मध्ये जवळच्या भुईगावास मिळाला.

आठव्या लेखात काय आहे, हे शिक्षकाने अवश्य सांगावे, कारण त्याचा विषय सहल हाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. शिकार आणि मनोरंजन हा त्यांचा हेतू असे. अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, आणि खेड्यापाड्यांतील लोकांचे दर्शन घेऊन त्यांच्याशी बोलणे, हा कार्यक्रम असे. राजधानीचा धनी खेडे पाहावयास निघाला, अशी ती नोंद आहे. खेड्यातील मुले राजधानीत येऊन तिच्यासमोर उभी राहतात, तेव्हा ही गोष्ट सांगण्यास दुसरी योग्य जागा कोणती?

लेखाची लिपी ब्राह्मी. तीच लिपी नाणेघाटच्या लेण्यात आहे. घाटमाथ्याशी असलेल्या त्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या पुतळ्यांची रांग होती. पुतळे गेले, काही पावलांच्या खुणा राहिल्या, आणि वर कोरलेली नावे राहिली. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका. बाजूच्या भिंतींवरील मोठ्या लेखात यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी यांचा हिशेब आहे. त्या हिशेबातील अंक भारतात सापडलेल्या अतिप्राचीन अंकांत मोडतात. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन, शंभराला निराळे चिन्ह, हजाराला निराळे, शून्य नाही. चौथीच्या वर्गात स्थानिक किंमत शिकविताना शिक्षकाचा जो घसा कोरडा पडतो, तो हे अंक फळ्यावर काढल्यास थोडा कमी पडेल. शून्यावाचून हजारोंची संख्या लिहिताना किती चिन्हे पाठ करावी लागतात, हे मुले स्वतः करून पाहतील.

वरच्या वर्गांतील मुलांना मुंबईपूर्वी, हिवाळ्यात, नाणेघाट चढवून आणणे सर्वांत उत्तम. खडी चढण आहे, तेव्हा पालकांपैकी चार धडधाकट माणसे बरोबर हवीत. माथ्यावरचा तो प्रचंड दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकीत असे परंपरा सांगते, तो पाहिलेला मुलगा संग्रहालयातील ब्राह्मी अक्षरांपुढे उभा राहील तेव्हा त्याला ओळख पटेल. ही ओळख तिकीट काढून मिळत नाही.

तिसरे स्थळ भायखळ्याचे. राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, शाळा वाघ पाहण्यास जातातच; परंतु बागेच्या आवारालगत जे संग्रहालय आहे ते पुष्कळदा राहून जाते. ते १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. मुंबईतील हे सर्वांत जुने संग्रहालय. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. गोव्यात जन्मलेले भाऊ दाजी वैद्यकशास्त्राचे पदवीधर होते आणि प्राचीन लेखांचे संशोधकही. या संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. जुनागडहून आलेल्या भगवानलाल इंद्रजींना त्यांनीच हाताशी धरले आणि लेण्यालेण्यांतून लेखांचे ठसे घेण्यास पाठविले. भगवानलालांनी नाणेघाटचे लेख वाचले. सोपाऱ्यास लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत ते टेकाड खणून तेथील बौद्ध स्तूप त्यांनी उजेडात आणला. स्तूपात मिळालेला करंडक आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. १८८८ मध्ये ते वारले तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. कोटातील टोलेजंग इमारतींवर गव्हर्नरांची नावे मुबलक आहेत; मुरबाडच्या शाळेत मात्र या दोन नावांची ओळख अगोदर व्हावी.

संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो विलायतेस नेण्यासाठी उचलला जात असता खाली पडून फुटला. तुकडे येथे आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडून उभे केले. मुलांना ही हकिगत फार आवडते, आणि सांधे शोधीत ती हत्तीभोवती फिरतात.

आत मातीच्या लहान प्रतिमा आहेत. मुंबई आणि आसपासच्या लोकांचे पोशाख, त्यांचे धंदे, त्यांची अवजारे त्यांत दाखविली आहेत. येथे शिक्षकाने बोलू नये, ऐकावे. कुंभाराच्या किंवा बुरुडाच्या घरातील मुलाने बोट दाखवून ‘गुरुजी, हात असा धरीत नाहीत’ असे म्हटले, तर ती त्या दिवसाची सर्वांत मोलाची टीका समजावी आणि वहीत लिहून घ्यावी.

येथवर आनंदाचा भाग झाला. पुढचा अवघड आहे.

मलबार हिलवर हँगिंग गार्डन आणि त्यासमोर कमला नेहरू उद्यान, जेथे तो सुप्रसिद्ध म्हातारीचा बूट आहे. मुले बुटात चढतात, खिडकीतून हात हलवितात. त्यांना तसे करू द्यावे. नंतर हँगिंग गार्डनच्या हिरवळीवर बसवून एक प्रश्न विचारावा: या हिरवळीखाली काय आहे? खाली पाण्याचा मोठा जलाशय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तो बांधला गेला, आणि त्याच्या आच्छादनावर माती पसरून ही बाग केली. दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाला पाणी येथून मिळते. आणि येथे ते येते कोठून? मुंबईचे पहिले तलाव, विहार आणि तुळशी, शहराजवळच होते. ते पुरेनासे झाले तेव्हा १८९२ मध्ये शहापूर तालुक्यात तानसाचे धरण पुरे झाले. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवर मोडक सागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, १९८० नंतरच्या वर्षांत शहापुरातीलच भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या जवळपास एकट्या भातसाचे असते. तेथून सोडलेले पाणी नदीपात्रातून पिसे येथे येते, तेथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि नळांतून शहरात शिरते. तानसा आणि वैतरणेचे पाणी उतारानेच भांडुपपर्यंत पोचते. ते जलवाहिनीचे अजस्र नळ शहापूरच्या मुलांनी रानातून जाताना पाहिलेले असतात.

मुले हे ऐकून प्रथम हरखतात. आपले पाणी! मग कोणी तरी, बहुधा मागे बसलेली एखादी मुलगी, विचारते: ‘गुरुजी, मग आमच्या पाड्यावर टँकर का येतो?’

या प्रश्नाचे उत्तर देण्याचे शिक्षकाने टाळू नये. खरे म्हणजे याच प्रश्नासाठी तिला तेथवर नेले आहे. शहापूर तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि मुरबाडच्या डोंगरपट्टीची स्थिती काही फार निराळी नाही. कारणे सांगण्यासारखी आहेत. पाऊस चार महिन्यांत धो-धो कोसळतो आणि काळ्या पाषाणाच्या उतारावरून वाहून जातो. खडक पाणी धरून ठेवीत नाही, म्हणून विहिरी फाल्गुन-चैत्रात आटतात. धरण खोलगट भागात असते, पाडे उंचावर. पाणी वर चढविण्यास यंत्रे, वीज आणि पैसा लागतो. परंतु ही निसर्गाची कारणे सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धरणे बांधताना ती शहरासाठी योजिली गेली. काठावरच्या वस्तीला किती पाणी, याचा हिशेब त्याच वेळी पुरेसा केला गेला नाही, आणि पुढच्या गावयोजना उशिराने व तुटकपणे होत राहिल्या. भातसाच्या पाण्याखाली गावेही गेली. शंभर किलोमीटरांवरच्या टेकडीवर पाणी नेता येते, हे त्या मुलीने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेले असते. तेव्हा ‘येत नाही’ एवढे उत्तर तिला पटणार नाही, आणि पटू नये हेच बरे. कोणाविषयी रोष तिच्या मनात पेरण्याचे कारण नाही. चाळीतील नळावर पहाटे रांग लावणारी मुंबईची बाई तिच्या आईहून फार निराळी नसते, हेही सांगावे. पण हिशेब हिशेब म्हणून मांडावा.

परतल्यावर निबंध लिहून घेण्याऐवजी वर्गाने मिळून एक नकाशा काढावा. मोठ्या कागदावर सह्याद्रीची कड, तीवर नाणेघाट आणि कसारा, मध्ये दोन्ही तालुके, पश्चिमेस समुद्र. त्यावर तीन रंगांच्या तीन वाटा: पहिली सोपारा-कल्याणहून मुरबाडमार्गे पैठणकडे जाणाऱ्या बैलांच्या तांड्यांची, दुसरी रुळांची, आणि निळ्या रंगाची तिसरी, तानसा-भातसाहून मलबार हिलपर्यंत. प्रत्येक वाटेवर साल लिहावे. आपली शाळा कोठे पडते, ती खूण मुलांनीच करावी. ज्या पाड्यांवर टँकर येतो त्यांवरही निळा ठिपका द्यावा. नकाशा ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या ओटीवर लावण्यास हरकत नसावी.

आता व्यवस्थेचे थोडे. एका दिवशी तीनच स्थळे घ्यावीत. टर्मिनस आणि वस्तुसंग्रहालय सकाळी, जेवणानंतर भायखळा किंवा मलबार हिल, यांपैकी एकच. दोन्ही हवी असल्यास एक वर्षाआड आलटून पालटून न्यावे. पाचवीत गेलेली मुले सातवीत दुसरे पाहतील. संग्रहालयास अगोदर पत्र पाठवून, कोणती वस्तू कोणत्या दालनात आहे आणि ते दालन त्या दिवशी उघडे आहे काय, ही चौकशी करावी. डागडुजीसाठी दालने अधूनमधून बंद असतात. शाळांच्या मुलांना प्रवेशशुल्कात सवलत मिळते, त्यासाठी मुख्याध्यापकांचे पत्र जवळ असावे. राणीची बाग आणि तिच्या आवारातील संग्रहालय बुधवारी बंद असते, म्हणून सहलीचा वार बुधवार ठेवू नये.